दुपारी कुणी येत नाही

१

फाईल हिरवी होती, जाड होती, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता ती जागेवर नव्हती.

तसं पाहिलं तर फाईलमध्ये होतं काय? वर्षभराची एक नोंदवही. ताईंच्या मदतीला माणूस किती वाजता आलं, काय काय केलं, किती वाजता गेलं, आणि खाली सही. कुणी रद्दीवाल्यानंही दोनदा विचार करावा असा ऐवज. पण सोमवारी अकरा वाजता ही वही मदत मंजूर करणाऱ्या सरकारी समितीपुढे ठेवली नाही तर ताईंचं घर सुटणार होतं, इतका साधा मामला होता.

ताई म्हणजे गणिताच्या शिक्षिका, वय सेहेचाळीस. लहानपणापासून अंगातले स्नायू एकेक करून रजेवर गेलेले. आधी पाय गेले, मग खांदे. आता व्हीलचेअरवर बसून मनगटं टेबलावर टेकवली तर बोटं चालत, पण हात टेबलाच्या वर वीतभरसुद्धा उचलत नसे. आई गेल्यापासून बारा वर्षं त्या एकट्या राहत होत्या आणि कॉम्प्युटरवरून पोरांना गणित शिकवत होत्या. अकरा ते एक पहिला वर्ग, दोन ते चार दुसरा. जीभ मात्र चांगली धडधाकट होती आणि ती कुणाचीही भीडभाड ठेवत नसे.

फाईल न्यायला आलेल्या बाईंना सगळे 'पुढेकायबाई' म्हणत. एकट्या राहणाऱ्या अपंग माणसांच्या पुढच्या दहा-वीस वर्षांची आखणी करून देणं हे त्यांचं काम. कुणी कितीही छान व्यवस्था सांगितली तरी ह्या विचारणार, "बरं, आणि ते माणूस आजारी पडलं तर? पुढे काय?" संस्थेतल्या लोकांनी म्हणून हे नाव पाडलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

समोरच्या काकांनी किल्लीनं दार उघडून दिलं आणि ते आपल्या घरी परतले. ताईंच्या पाठीमागच्या फळीवर, जिथे फाईल असायची, तिथे नुसती मोकळी जागा होती.

"फाईलला पाय फुटले असतील," ताई म्हणाल्या. "या घरात कुणाला तरी फुटायलाच हवेत."

बाईंना हसू आलं नाही. ताईंना बारा वर्षं सांभाळणाऱ्या मावशींचे गुडघे गेले होते. महिनाअखेर त्या काम सोडणार होत्या. नवी माणसं सरकारी योजनेतून मिळायची, तर वर्षभराची नोंद दाखवावी लागे. नोंद नाही तर अर्ज पुढच्या बैठकीला, म्हणजे सहा महिन्यांनी. आणि ताईंच्या धाकट्या भावानं दोन तासांवरच्या एका निवासी केंद्रात एक तारखेपासून खोली राखून ठेवली होती.

दाराच्या किल्ल्या तीन. मावशींकडे एक, समोरच्या काकांकडे एक, धाकट्याकडे एक. कुलूप शाबूत होतं.

"आज कोण कोण आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"मावशी, सात ते नऊ. नेहमीसारख्या."

"त्यानंतर?"

"दुपारी कुणी येत नाही," ताई म्हणाल्या. उत्तर प्रश्नाआधीच तयार असल्यासारखं आलं, आणि बोलताना त्यांनी नजर कॉम्प्युटरकडे वळवली. बाईंना हे काही बरं वाटलं नाही.

२

ज्याचा फायदा त्याच्यावर पहिला संशय, हे सांगायला हुशारी लागत नाही. बाई थेट धाकट्याच्या रंगांच्या दुकानात गेल्या.

धाकटा डबे ढवळत होता. त्यानं काही लपवलं नाही. हो, खोली राखली आहे. हो, ताईनं तिथे राहावं असंच मला वाटतं. फाईल हरवली हे ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला. आनंद लपवणारे लोक बाईंनी पुष्कळ पाहिले होते, हा त्यांतला वाटेना.

"मी चोरीन?" तो म्हणाला. "बाई, मी भांडीन, चोरणार नाही. दर रविवारी फोन करतो, कसं चाललंय विचारतो. उत्तर ठरलेलं, छान चाललंय. बारा वर्षं छान चाललंय. मग अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स का होतं?"

दुकान एक ते अडीच बंद असतं, हे त्यानं आपणहून सांगितलं. त्या वेळात कुठे होता, तर आत पोत्यांवर आडवा. साक्षीदार कोणी? दुकानातलं मांजर. बाईंनी हे मनात टिपून ठेवलं.

समोरचे काका म्हणजे निवृत्त शिंपी. बोलायला लागले की माप घ्यायचं थांबत नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द उसवून काढावा लागत होता. उजवा हात पंधरा दिवसांपासून प्लास्टरमध्ये होता. दुपारी आपण झोपतो, काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. बरं, ताई कधी टेबलावरचं बटण दाबून तुमच्या घरची घंटी वाजवतात का? छे, छे. कधीच नाही? एकदा कधीतरी. बाई उठल्या तेव्हा काकांनी सुटकेचा श्वास टाकला तो जिन्यापर्यंत ऐकू आला.

मावशींना फोन केला तर त्या म्हणाल्या, नऊला निघाले तेव्हा फाईल होती. आवाज बसलेला होता. वहीचा विषय निघताच त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावल्याचं कळलं, आणि मग म्हणाल्या की दूध उतू जातंय.

तीन किल्ल्या, तीन माणसं, आणि तिघंही काहीतरी गिळून बसलेली. त्याहून विचित्र म्हणजे चौथी, जिचं सगळं पणाला लागलं होतं तीसुद्धा. चोरी झालेल्या माणसानंच तोंडाला कुलूप का लावावं? घरी जाताना बाईंच्या डोक्यात हाच भुंगा होता. मग त्यांना आठवलं की ताईंचे वर्ग रोज रेकॉर्ड होतात. गैरहजर पोरांसाठी ते संध्याकाळी सगळ्यांना खुले होत असत, आणि कॅमेऱ्यात ताईंच्या मागची ती फळी स्पष्ट दिसे.

३

शनिवारी सकाळी संस्थेच्या ऑफिसात बसून बाईंनी दोन तास गुणोत्तर आणि प्रमाण ऐकलं. गणिताशी त्यांचं जन्मात पटलेलं नव्हतं. पण डोळे फळीवर होते.

अकरा वाजता फाईल होती. बारा वाजता होती. एक वाजता ताई पोरांना "जा, जेवा" म्हणाल्या तेव्हाही हिरवा कोपरा दिसत होता. दोनचा वर्ग सुरू झाला, फळी रिकामी. म्हणजे चोरी एक ते दोनच्या मधली.

बाईंनी चहा मागवला, आणि केवळ चहा येईपर्यंत दोन्ही वर्गांचे तुकडे पुन्हा लावून पाहिले. एकच्या सुमाराला ताई उजवीकडे कलल्या होत्या. दोन तास बसून शरीर घसरलेलं, शाल एका खांद्यावरून ओघळून कोपरापाशी आलेली. दोन वाजता त्या ताठ बसल्या होत्या. पाठीशी दुसरी उशी होती. शाल दोन्ही खांद्यांवर नीट, घडी घालून.

ज्या बाईचा हात टेबलाच्या वर उचलत नाही, तिनं शाल खांद्यावर घेतली कशी?

चहा आला तो तसाच गार झाला. कुणीतरी आलं होतं. त्यानं ताईंना उचलून नीट बसवलं होतं. आणि हे ताईंना न कळता होणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या धडधडीत खोटं बोलल्या होत्या.

बाईंनी कपाटातून ताईंच्या कागदांच्या प्रती काढल्या. डॉक्टरांच्या दाखल्यात एक ओळ होती, ती त्यांनी स्वतःच कौतुकानं पेन्सिलनं अधोरेखित केली होती. बारा वर्षांत बसण्याच्या जागी एकही जखम नाही. आता तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली. जी व्यक्ती स्वतः हलू शकत नाही तिला दिवसभरात मधूनमधून कुणीतरी उचलून हलवावं लागतं, नाहीतर कातडी सोलवटते, जखमा होतात, त्या चिघळतात. रात्री ताईंच्या खाली हवेची गादी असे, ती आपोआप दाब बदलते. पण दिवसा? वहीप्रमाणे मावशी नऊला जात आणि रात्री आठला येत. मधे अकरा तास.

अकरा तास खुर्चीत, रोज, बारा वर्षं, आणि एक जखम नाही! इतकी वर्षं या कामात घालवून हे साधं गणित आपल्या लक्षात येऊ नये? बाईंना स्वतःची लाज वाटली. शुक्रवारी दुपारी कोण आलं होतं हा प्रश्नच चुकीचा होता. रोज दुपारी कोण येतं, असं विचारायला हवं होतं.

४

ताईंच्या घरी त्या दुपारी धाकटा आधीच आलेला होता आणि आवाज चढलेला होता. केंद्रात चोवीस तास नर्स असते, असं तो सांगत होता. तुरुंगातही चोवीस तास पहारा असतो, असं ताई सांगत होत्या. बोलता बोलता ताई खुर्चीत घसरल्या. धाकटा धावला आणि त्यानं दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर ओढलं. ताई कळवळल्या. त्यांचे खांदे सैल होते, ओढलं की निसटत. जो माणूस रोज उचलतो त्याला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं. धाकटा हात मागे घेऊन कोपऱ्यात उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

धाकटा नव्हे. काकांचा हात प्लास्टरमध्ये. उरलं कोण?

बाई निघाल्या. मावशींच्या दोन खोल्यांच्या घरात मावशी खाटेवर बसून गुडघे शेकत होत्या. समोर बाईंना पाहून त्यांनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली, भिंतीचा आधार घेत उठल्या, कपाट उघडलं आणि कपड्यांखालून हिरवी फाईल काढून बाईंच्या हातात दिली. जबाब नाही, कांगावा नाही.

"एवढ्या लवकर याल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशी रोज एक वाजता, दोन घरांच्या कामांच्या मधे, ताईंकडे जात. उचलायचं, संडासला न्यायचं, चार घास भरवायचे, नीट बसवायचं. सकाळीही नऊचे दहा होत आणि रात्री एकाचे दोन तास. पण मावशींना कामावर पाठवणाऱ्या एजन्सीचा नियम असा की ठरल्या तासांबाहेर त्याच घरी गेलं की काम काढून घेणार. म्हणून वहीत तीन तास. काकांचंही तसंच. घंटी वाजली की पाणी, खिडकी, पडलेलं पेन, दिवसातून दहा चकरा, आणि नोंद शून्य. ताईंनी सगळ्यांना शपथ घातली होती, कुणाला कळता कामा नये. कारण योजनेत घरी जास्तीत जास्त सहा तास मदत मिळते. त्याहून जास्त लागली तर समिती केंद्राची शिफारस करते.

"पण मग फाईल का नेलीत?" बाईंनी विचारलं. "बैठक पुढे गेली तर ताई केंद्रात जातील, तुम्हाला माहीत होतं ना?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "गुरुवारी तुम्हीच आलात. वही चाळलीत आणि म्हणालात, वा, वर्षभर तीन तासांत भागलंय, तीन तास डोळे झाकून मंजूर होतील. झोप लागली नाही हो मला. नवीन पोरगी घड्याळ बघून नऊला निघणार. तिची काय चूक? माझ्या ताईला अकरा तास खुर्चीत कोण बघणार? मी त्यांना हात जोडून सांगितलं, खरं सांगून टाका. ऐकतात कुठे! शुक्रवारी दोनच्या वर्गाआधी त्या कॉम्प्युटर लावत होत्या, तेवढ्यात मी मागून फाईल उचलली. म्हटलं, वही नसली की बाई निदान तोंडानं विचारतील. वही होती म्हणून तुम्ही मला कधी काही विचारलंच नाहीत."

 मावशींना त्यांनी शंभर वेळा पाहिलं होतं, सही बरोबर आहे ना एवढंच तपासलं होतं. त्या खाटेच्या कडेवर बसून राहिल्या, आणि मावशींनीच त्यांना पाणी आणून दिलं.

५

रविवारी फाईल टेबलावर होती आणि ताई तिच्याकडे पाहत नव्हत्या. फाईल कुणी नेली हे त्यांना शुक्रवारी चार वाजल्यापासून ठाऊक होतं. मावशींचं नाव घेतलं असतं तर दुपारचं बिंग फुटलं असतं.

"झाकली मूठ आहे, झाकलेली राहू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या वही द्या. तीन तास मिळतील. पुढचं मी बघीन."

"तुम्ही गणित शिकवता," बाई म्हणाल्या. "नवी बाई नऊला गेली. दुपारी कुणी नाही. पहिली जखम किती दिवसांत?"

ताईंनी टेबलावर बोटांनी दिवस मोजले. मग म्हणाल्या, "पंधरा. फार तर वीस."

"मग हॉस्पिटल. मग?"

"मग केंद्र." ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आणि खरं सांगितलं तरी केंद्रच. मग खरं तरी कशाला सांगू? बाई, या घरात मी पोरांना रागावते, पाहिजे तेव्हा दिवा लावून घेते, नको त्या माणसाला दार उघडू नका म्हणते. तिथे मला सात नंबरची खोली म्हणतील."

बाईंनी गोड बोलून समजूत घातली नाही, ते त्यांना जमतच नसे. नियमावलीत एक बारीक ओळ होती ती वाचून दाखवली. सहा तासांवरचा वेळ घरच्या माणसानं नावानिशी स्वीकारला तर घरी राहता येतं. अर्जात 'घरचं माणूस' या रकान्यात ताईंनी स्वतः रेघ मारलेली होती.

"ती रेघ तशीच राहील," ताई म्हणाल्या. "त्याच्या गळ्यात मी पडणार नाही."

बाई म्हणाल्या, निर्णय तुमचा. पण खोट्या वहीवर मी आता सही करणार नाही. आणि निघाल्या. त्या रात्री बाईंनाही झोप लागली नाही.

सोमवारी समितीच्या खोलीत पाच जण लांब टेबलामागे बसले होते. ताईंच्या मागे बाई, भिंतीशी काका आणि मावशी, आणि दाराजवळ केंद्राचा फॉर्म हातात गुंडाळून धाकटा. ताईंनी सोबत आणलेली वही अध्यक्षबाईंनी उघडली, पानं उलटली आणि समाधानानं म्हणाल्या, "तीन तास. अगदी व्यवस्थित आहे. मंजूर करायला हरकत दिसत नाही."

क्षणभर वाटलं की झालं, सुटलं.

"वही चुकीची आहे," ताई म्हणाल्या. "चूक मावशींची नाही, माझी. मीच तसं लिहायला लावलं. सकाळी तीन तास, दुपारी एक, रात्री दोन. समोरच्या काकांच्या चकरा मिळून एक. बेरीज सात."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. सहाच्या वर गेलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे ना, असं त्यांनी हळूच विचारलं. ताई हो म्हणाल्या. घरचं कुणी आहे का, हा पुढचा प्रश्न होता.

ताईंनी खुर्चीची कळ दाबली. खुर्ची सावकाश वळली आणि दाराकडे तोंड करून थांबली. 

"छोट्या," त्या म्हणाल्या, "रोज दुपारी एक ते दोन तू येशील का? मला उचलायला लागतं. संडासला न्यायला लागतं. भरवायला लागतं. तुला कधी सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची."

धाकटा जागचा हलला नाही. लहानपणी याच बहिणीनं त्याचा अभ्यास घेतला होता, त्याच्या कानाखाली वाजवलीही होती. तिनं आजवर त्याच्याकडे पेलाभर पाणी मागितलेलं नव्हतं. बारा वर्षं ती त्याला लांब ठेवत होती, आणि तो समजत होता की आपण तिला नकोच आहोत. हातातला फॉर्म कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्यानं तो खिशात कोंबला.

"मला उचलता येत नाही गं," तो म्हणाला. "परवा तुला दुखवलं मी."

"काखेत हात घालायचे नाहीत," ताई म्हणाल्या. "एक हात पाठीमागून कमरेपाशी, दुसरा गुडघ्यांखाली. मी तीन म्हणेन तेव्हा. ये, आत्ताच बघ. बराच वेळ झालाय मला बसून."

धाकटा पुढे आला आणि खुर्चीशी वाकला. मावशींनी त्याचा डावा हात धरून दोन बोटं खाली सरकवला. ताईंनी तीन म्हटलं. त्यानं उचललं, आणि त्यांना नीट बसवलं. दुखलं नाही. दोघंही रडत होती आणि समितीतले पाच जण आपापल्या कागदांत काहीतरी शोधत होते. मग अध्यक्षबाईंनी पेन उघडलं आणि धाकट्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं.